आय-सेव्हन म्हणजे नेमके काय? लॅपटॉप घेणाऱ्या पालकांसाठी



बारावीचा निकाल लागला, की पुढचा महिनाभर आमच्या संगणक कक्षाच्या दारात पालकांची ये-जा सुरू होते. कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगला जाणार असतो, कुणाची मुलगी बी.सी.ए.ला. सगळ्यांचा प्रश्न एकच, लॅपटॉप कोणता घ्यावा? पूर्वी आम्ही उभ्या-उभ्या उत्तर देऊन मोकळे होत असू. आता तसे देत नाही. त्याचे कारण आधी सांगतो, मग विषयाकडे वळू.

२०२४ च्या जूनमध्ये आपल्याच शाळेतून बाहेर पडलेल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. त्या पोळीभाजीचे डबे देतात. मुलीला बी.सी.ए.ला प्रवेश मिळाला होता आणि भिशीचे पैसे हाती आले होते. त्या दुकानातूनच बोलत होत्या. "सर, आय-सेव्हन मिळतोय, अठ्ठावीस हजारांत. रिफर्बिश्ड आहे म्हणतात, पण अगदी नव्यासारखा दिसतो. घेऊ का?" मागून दुकानदाराचा आवाज येत होता, "दीदी, आय-सेव्हन है, आँख बंद करके ले जाओ." आमचा तास सुरू व्हायचा होता. आम्ही म्हणालो, "आय-सेव्हन ना? मग घ्या ताई, चांगलाच असणार."

चार महिन्यांनी मुलगी मशीन घेऊन कक्षात आली. चालू व्हायला वेळ, ब्राउझरच्या पाच खिडक्या उघडल्या की पंखा घरघरतो, आणि विंडोज ११ टाकायला गेले की "हा संगणक पात्र नाही" असा निरोप. आम्ही आत पाहिले तेव्हा कळले, की प्रोसेसर आय७-६६००यू होता. तो २०१५ साली आलेला, म्हणजे मुलगी तिसरी-चौथीत असतानाचा. दुकानदार खोटे बोलला नव्हता. आय-सेव्हन तर तो होताच. चूक आमची होती. आम्ही पुढचा आकडा विचारला नाही.

म्हणून हा लेख. यात कुठलीही कंपनी चांगली की वाईट हे सांगायचे नाही. दुकानात काय विचारायचे आणि काय डोळ्यांनी पाहायचे, एवढेच सांगायचे आहे.

पिढीचा आकडा

इंटेल कंपनीच्या प्रोसेसरवर आय३, आय५, आय७ असे लिहिलेले असते. आय३ पेक्षा आय५ चांगला आणि आय५ पेक्षा आय७ चांगला हे खरे, पण फक्त एकाच पिढीत. आजोबांच्या काळचा पहिलवान आणि आजचा शाळकरी धावपटू यांची शर्यत लावण्यात अर्थ नसतो, तसेच हे आहे. पिढी कळते ती त्यापुढच्या आकड्यावरून. आकडा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक म्हणजे पिढी. आय५-१२३५यू म्हणजे बारावी, आय५-१३३५यू म्हणजे तेरावी. आकडा १ ने सुरू होत नसेल तर पहिला एकच अंक घ्यायचा. ८२५०यू म्हणजे आठवी आणि आमच्या त्या ६६००यू चा अर्थ सहावी.

आता तुलना पाहा. सहाव्या पिढीच्या त्या आय७ मध्ये दोन कोअर आहेत. कोअर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा भाग. बाराव्या पिढीच्या आय३-१२१५यू मध्ये सहा कोअर आहेत, दोन मोठे आणि चार लहान. मोठे कोअर जड काम ओढतात, लहान कोअर किरकोळ कामे थोड्या विजेत उरकतात. दुकानाच्या काचेवर मात्र एकीकडे मोठ्या अक्षरांत 'आय७' आणि दुसरीकडे 'आय३' एवढेच दिसते.

गिगाहर्ट्झच्या आकड्याचेही तसेच. आय७-६६००यू चा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ आणि आय३-१२१५यू च्या मोठ्या कोअरचा १.२. नुसता आकडा पाहिला तर जुना दुपटीने वेगवान वाटेल. प्रत्यक्षात नवा प्रोसेसर गरज पडली की ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो, एका ठोक्यात जुन्यापेक्षा जास्त काम करतो आणि हात जास्त आहेत ते वेगळेच. पंचवीस वर्षांपूर्वी पेन्टियमच्या काळात आम्हीच मुलांना "मेगाहर्ट्झ जास्त तो चांगला" असे शिकवत होतो. तो हिशेब आता विसरावा.

विंडोजचा प्रश्नही पिढीशीच बांधलेला आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ दिली, पण ती मुदतवाढच. तीन-चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी मशीन घेताना आठव्या पिढीच्या आतले घेऊ नये, मग ते कितीही चकचकीत पुसलेले असो.

शेवटचे अक्षर

आकड्यानंतर एक अक्षर असते. त्याकडे बहुतेक जण पाहतच नाहीत. यू म्हणजे कमी वीज घेणारा. त्याची बैठक साधारण १५ वॅटची असते, मशीन हलके राहते आणि बॅटरी टिकते. एच म्हणजे ताकदीचा, साधारण ४५ वॅटचा. पंखा मोठा, चार्जर जड.

यातून एक गंमत होते. आय७-१२५५यू आणि आय५-१२३५यू हे दोन्ही एकाच घरातले. दोघांतही दहा कोअर, दोन मोठे आणि आठ लहान. फरक आहे तो कमाल वेगाचा, ४.७ आणि ४.४ गिगाहर्ट्झ, आणि थोड्या चांगल्या ग्राफिक्सचा. उलट आय५-१२५००एच मध्ये बारा कोअर आणि त्यांतले चार मोठे. म्हणजे लांबलचक जड कामात हा आय५ त्या आय७ ला मागे टाकतो. वाणिज्य शाखेच्या मुलासाठी यू अक्षराचा आय७ घेऊन पाच-सात हजार जास्त मोजणारे पालक आम्ही पाहिले आहेत. तेच पैसे रॅममध्ये गेले असते तर मुलाला रोज जाणवले असते.

२०२३ च्या अखेरीपासून इंटेलने 'आय' हे अक्षर सोडायला सुरुवात केली. आता कोअर ५ १२०यू, कोअर अल्ट्रा ५ १२५एच अशी नावे दिसतात. यात तीन आकडी संख्येचा पहिला अंक म्हणजे मालिका. नाव नवे म्हणून आतले सगळे नवे असे समजू नका. कोअर ५ १२०यू हा आतून तेराव्या पिढीचाच भाऊबंद आहे. वाईट नाही, चांगला आहे, पण 'नवीन मालिका' म्हणून जास्त पैसे द्यायचे कारण नाही. स्वस्त मशीनमध्ये पूर्वी सेलेरॉन आणि पेन्टियम असायचे. त्यांच्या जागी एन१०० सारखे प्रोसेसर आले. पत्रे लिहिणे, ऑनलाइन वर्ग, व्हिडिओ पाहणे यांसाठी ते पुरतात. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला घेऊन देऊ नयेत.

रायझनचा तिसरा अंक

ए.एम.डी. कंपनीच्या रायझनबद्दल आपल्याकडे अजून उगीच संशय आहे. "गरम होतो" असे काका-मामा सांगतात. हे मत फार जुन्या मशीनवरचे आहे, आता सोडून द्यावे. मात्र रायझनचा आकडा वाचण्यात एक खाच आहे आणि त्यात शिकलेली माणसेही अडकतात.

रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. एका अंकाचा फरक. कुणालाही वाटेल, उन्नीस-बीस. पण ७००० आणि ८००० च्या या मालिकांत तिसरा अंक आतल्या रचनेचा असतो. २ असेल तर रचना २०१९ सालची, ३ असेल तर २०२० ची किंवा तिची सुधारलेली आवृत्ती, ४ असेल तर २०२२ ची. पहिला अंक ७ पाहून दोन्ही एकाच वर्षाची वाटतात. प्रत्यक्षात ७५२०यू मध्ये चार कोअर आहेत आणि ७५३०यू मध्ये सहा. शिवाय ७५२०यू च्या मशीनमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली येते, पुढे वाढवता येत नाही. दुकानात दोन्ही 'रायझन फाइव्ह' म्हणूनच विकले जातात. ७५२०यू अगदी टाकाऊ नाही, स्वस्तात मिळत असेल आणि काम हलके असेल तर जरूर घ्या. पण ७५३०यू च्या भावात घेऊ नका.

'रायझन ए.आय.' नावाच्या नव्या मालिकेला हा नियम लागू नाही. तेथे कोअर किती, रॅम किती, एवढे विचारावे.

रॅम, डिस्क आणि पडदा

प्रोसेसरवर इतके लिहिले, पण रोजच्या वापरात मुलाला त्रास होतो तो बहुधा रॅम कमी पडल्याने. ८ जी.बी. ही आता अगदी खालची पायरी झाली. प्रोग्रामिंग करणाऱ्याला १६ असावी. पूर्वी आम्ही सांगत होतो, "आता ८ घ्या, पुढे दिवाळीला आणखी ८ टाका." हा सल्ला आता आम्ही सरसकट देत नाही. एक तर बऱ्याच पातळ मशीनमध्ये रॅम बोर्डाला जोडलेली असते, खाचच नसते. दुसरे म्हणजे २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती बऱ्याच चढल्या. तेव्हा दुकानातच दोन प्रश्न विचारा: रिकामी खाच आहे का, आणि आज ८ ची पट्टी केवढ्याला पडेल? उत्तर "हो जाएगा, बाद में देख लेंगे" असे आले तर समजून घ्या.

साठवणीसाठी एस.एस.डी. हवीच. त्यातही अगदी स्वस्त मशीनमध्ये ई.एम.एम.सी. नावाचा प्रकार देतात. तो मोबाइलसारखा बोर्डाला चिकटलेला असतो, हळू चालतो आणि बदलता येत नाही. ५१२ जी.बी. घेतल्यावर मशीनमध्ये ४७६ दिसते म्हणून एक आजोबा दुकानदाराशी भांडून आले होते. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत, एवढेच.

पडद्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि मुलगा चार वर्षे त्याच्याकडेच पाहणार असतो. १९२० बाय १०८० चा हवा. १३६६ बाय ७६८ चा पडदा जुन्या आणि स्वस्त मशीनमध्ये अजून सापडतो. त्यावर एक्सेलचे चार रकाने दिसले की पाचवा सरकवून पाहावा लागतो. मशीन थोडे तिरके करून पाहा. रंग उलटे-पांढरे पडत असतील तर पडदा साधा टी.एन. प्रकारचा आहे. आय.पी.एस. असेल तर बाजूनेही रंग तसेच राहतात.

बॅटरीचे 'दहा तास' हे आकडे जाहिरातीचे. वॅट-अवर विचारा आणि घरी भागाकार करा. बॅटरी ४२ वॅट-अवरची आणि हलक्या कामात मशीन ७ वॅट घेत असेल तर सहा तास. त्याच मशीनवर २० वॅटचे काम काढले तर दोन तासांच्या थोडे वर. एच प्रोसेसरच्या मशीनला मोठी बॅटरी का लागते, तेही यातून कळते.

ए.आय.चे स्टिकर आणि इतर आमिषे

२०२४ पासून 'ए.आय. लॅपटॉप' असे लिहिलेली मशीन आली. त्यांत एन.पी.यू. नावाचा वेगळा भाग असतो आणि तो काही विशिष्ट कामे थोड्या विजेत करतो. मुले गृहपाठाला जे ए.आय. वापरतात ते बहुतेक इंटरनेटवर, दूरच्या संगणकावर चालते. त्याला या भागाची गरज नाही. असलेल्या किमतीत आला तर येऊ द्या, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरची विंडोज मशीनही मिळतात. बॅटरी उत्तम टिकते. पण त्यांची घडण मोबाइलच्या जातीची आहे. काही जुनी सॉफ्टवेअरे, जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर, कुलूप-पेन लावून चालणारी सॉफ्टवेअरे त्यांवर अडतात. कॉलेजची यादी पाहिल्याशिवाय घेऊ नये. अॅपलबद्दल तेच. मशीन टिकाऊ, पण कॉलेजात विंडोजचे सॉफ्टवेअर लागणार असेल तर पंचाईत.

वेगळे ग्राफिक्स कार्ड वास्तुकला, त्रिमिती आराखडे, व्हिडिओ संपादन यांना लागते. "गेम चालतो" हा मुलाचा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे, फक्त तो अभ्यासाच्या खर्चात मांडू नये. बी.कॉम. किंवा सी.ए. करणाऱ्यास टॅली आणि एक्सेलसाठी बाराव्या पिढीचा आय३ आणि ८ जी.बी. रॅम चालते.

विंडोज नसलेले, 'डॉस'वाले मशीन काही हजारांनी स्वस्त पडते. मग दुकानदार पाचशे रुपयांत विंडोज 'टाकून' देतो. ते चोरीचे असते, आणि पुढे त्यातून काय-काय आत शिरेल हे सांगता येत नाही. विंडोजसह घ्या, नाहीतर सरळ लिनक्स वापरा.

मराठी टंकलेखनासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. विंडोजमध्ये मराठी कळफलक विनामूल्य असतो, भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. इनस्क्रिप्ट शिकून घ्यावे असे आम्ही मुलांना सांगतो. सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकनाला ते चालते आणि तोच हात मराठीलाही उपयोगी पडतो. ल च्या बटणावर शिफ्ट धरले की ळ, र च्या बटणावर शिफ्ट धरले की ऱ. आपल्या मुलांच्या हिंदी वळणाच्या लिखाणातून ही दोन अक्षरे हरवत चालली आहेत, म्हणून हे मुद्दाम.

पैसे देण्याआधी पाच मिनिटे

सिल्व्हर मॉलमध्ये जा, मोठ्या शोरूममध्ये जा किंवा ऑनलाइन मागवा, आधी मॉडेलचा पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्या. 'एचपीचा पंधरा इंची' हा क्रमांक नव्हे. एकाच नावाखाली दहा वेगवेगळी मशीन असतात.

दुकानात चालू मशीन मिळाले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात गेले की प्रोसेसरचे पूर्ण नाव, कोअरची संख्या, रॅम किती आणि किती खाचा भरल्या, डिस्क एस.एस.डी. आहे का, सगळे समोर येते. दुकानदार रागावत नाही. रागावला तर दुसरे दुकान पाहावे.

जुने मशीन घेणार असाल तर बॅटरीही तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक जागा, तिरकी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असे टाइप केले की एक फाइल तयार होते. तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ ५० आणि आजची २२ असेल तर नवी बॅटरी किमतीत धरूनच बोलणी करा. त्या मुलीच्या मशीनवर आम्ही ही कमांड चालवली तेव्हा निम्म्याहून कमी निघाली होती.

पक्के बिल घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जी.एस.टी. आहे, आणि "बिना बिल के दो हज़ार कम" हे ऐकायला गोड लागते. पण बिल नसेल तर वॉरंटीची तारीख सिद्ध करताना अडचण येते. बिलावर मशीनचा सिरियल क्रमांक लिहिलेला आहे ना, हे तिथेच उभे राहून ताडून पाहा. कंपनीचे सेवा केंद्र इंदुरात आहे का, की मशीन बाहेरगावी पाठवतात, हेही विचारा. परीक्षेच्या तोंडावर तीन आठवडे मशीन नसणे काय असते, हे ज्यांनी भोगले त्यांना विचारावे.

त्या मुलीचे मशीन परत घ्यायला दुकान तयार झाले नाही. पाहूनच घेतले होते, असे त्यांचे म्हणणे, आणि कच्च्या पावतीवर नुसते 'लॅपटॉप आय७' एवढेच होते. आम्ही तिघांनी मिळून त्यात नवी बॅटरी आणि ८ जी.बी. ची जास्तीची पट्टी बसवली, विंडोज काढून लिनक्स टाकले. सी आणि पायथन त्यावर नीट चालते. कॉलेजच्या ज्या एका सॉफ्टवेअरला विंडोज ११ लागते, त्यासाठी ती शनिवारी आपल्या संगणक कक्षात येते. तिच्या आईने आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही, उलट पहिल्या शनिवारी डबा पाठवला.

कक्ष दर शनिवारी दुपारी तीन ते पाच माजी विद्यार्थी आणि पालकांसाठी उघडा असतो. येताना मॉडेलचा पूर्ण क्रमांक, कॉलेजने दिलेली सॉफ्टवेअरची यादी आणि किती पैसे खर्च करता येतील तो आकडा, असे तिन्ही लिहून आणा. दुकानातून फोन केलात तर आम्ही एवढेच विचारू, "ताई, आय-सेव्हनच्या पुढचा आकडा वाचा."

— संगणक विभाग